डावा अंगठा

माझा भाऊ मनानं वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते सांगायची माझी इच्छा राहणार नाही.

दादा, वहिनी आणि मी एकाच इमारतीत राहतो. ते दोघं खाली, मी वर. दादाचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, वहिनी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, आणि मी चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवते. आम्ही तिघंही अशा वयाचे आहोत की कॉम्प्युटरवर गेम खेळतो म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, मुलांबरोबर का? मुलांबरोबर नाही. आमची तिघांची टीम आहे, आणि बरी आहे. दादा पुढे घुसतो, वहिनी त्याला सांभाळते, आणि मी कुठल्या तरी उंच गच्चीवर पडून लांबून नेम धरते. परवाच्या रविवारी गावातल्या गेमिंग हॉलमध्ये आमची फायनल होती.

आता थोडं कंट्रोलरबद्दल, म्हणजे दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी खेळायच्या त्या यंत्राबद्दल, कारण सगळा तमाशा त्यावरूनच झाला.

मी डावखुरी आहे. कॉम्प्युटरवरचे बहुतेक गेम असं गृहीत धरून चालतात की माणूस डाव्या हातानं कीबोर्डवर चालणार आणि उजव्या हातातल्या माउसनं नेम धरणार. माउस डावीकडे घेतला की चालायची बटणं भलत्याच हाताखाली येतात आणि बोटांची गाठ बसते. साध्या कंट्रोलरवर नेमाची दांडी उजवीकडेच, आणि त्या दांडीनं नेम धरणं म्हणजे भरलेलं कपाट ढकलत न्यायचं. वर्षानुवर्षं मी असेच धक्के खात खेळले आणि मला वाटायचं, आपल्याला जमत नाही. मग हा कंट्रोलर आला. त्याच्यावर दोन ट्रॅकपॅड आहेत, प्रत्येक अंगठ्याखाली एक. त्यावरून अंगठा फिरवला की नजर माउससारखी पळते. आणि कुठल्या पॅडनं काय काम करायचं, ते आपण ठरवायचं.

मी पहिल्याच दिवशी नेम डाव्या पॅडवर नेला आणि चालणं उजव्या. जन्मात पहिल्यांदा एका वस्तूनं मला विचारलं होतं की बाई, तुमचा हात कुठला? मला अक्षरशः रडू आलं.

त्यानंतर कित्येक महिने मी ती मांडणी घडवत बसले. अंगठा झटकला की नजर किती गरगरायला हवी, नुसता टेकवला की कुठे थांबायला हवी, फिरताना पॅडमधून येणारी ती बारीक टिकटिक किती जोरात हवी, शेवटच्या केसभर नेमासाठी कंट्रोलर हातात किती कलवायचा. आज थोडं, पुढच्या रविवारी थोडं. हे आकडे मी कुठे लिहून ठेवले नव्हते. ते माझ्या गेमच्या खात्यात साठवलेले होते आणि माझ्या अंगठ्याला ठाऊक होते. दादा सच्चा माउसवाला. तो मला अंगठेबहाद्दर म्हणायचा. मी हसायचे, कारण तेव्हा मला राग येण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या घरात 'सरळ' हा शब्द मात्र मला कधीच सहन झालेला नाही. मी लिहायला लागले तेव्हा पेन्सिल डाव्या हातात धरायचे. आईनं दादाला माझ्याशेजारी बसवलं आणि त्याच्या हातात पट्टी दिली. तो स्वतः शाळकरी पोर, पण अधिकार मिळाल्यावर काय विचारता! डावा हात पुढे आला की पट्टी. हे तो अजून पाहुण्यांना सांगतो. "हिला मीच सरळ केलं," म्हणतो, आणि पाहुणे कौतुकानं माना डोलावतात. मी चहाचे कप उचलून आत जाते. डाव्या हातानंच.

तर फायनल.

हॉल भरलेला होता. समोर मोठ्या पडद्यावर सगळा खेळ दिसत होता. तीन डाव, ज्याचे दोन तो जिंकला. मी माझ्या खात्यात शिरले, कंट्रोलर जोडला आणि पहिला डाव सुरू होताच नेहमीप्रमाणे पाण्याच्या टाकीवर जाऊन पडले. खाली समोरच्या टीमचा एक जण उघड्यावर आला. माझ्या आवडीची वेळ. मी डावा अंगठा हलकेच फिरवला.

आणि मी चालत टाकीवरून खाली पडले.

नेम हललाच नाही, माझे पायच हलले. मी घाबरून उजवा अंगठा दाबला तर नजर आभाळाकडे उडाली. मागून लोक खो खो हसले. मला वाटलं कंट्रोलर बिघडला. पुन्हा उभी राहिले तर पुन्हा भिंतीत तोंड. पॅडमधून टिकटिकसुद्धा येत नव्हती. नुसतं गुळगुळीत, मेलेलं.

"अगं, उजव्यानं बघ!" शेजारून दादा ओरडला. "उजव्यानं!"

मी पडद्यावरची नजर काढली आणि त्याच्याकडे पाहिलं. माझा अंगठा काय करतोय ते त्यानं इतक्या महिन्यांत कधी पाहिलं नव्हतं. मग उजव्यानं बघायचं, हे त्याला आज कसं कळलं?

पहिला डाव गेला. ब्रेक झाल्याबरोबर वहिनी माझ्याआधी बोलली. "अहो, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही गं," दादा म्हणाला. "काल हिचा कंट्रोलर अपडेट करायला घेतला. पासवर्ड मीच ठेवून दिलेला, मला माहीत होता. उघडून बघतो तर सगळं उलटं झालेलं. चालायचं तिथे बघायचं, बघायचं तिथे चालायचं. म्हटलं, ऐन फायनलला हिची फजिती नको. मग सरळ करून ठेवलं."

सरळ करून ठेवलं. शाबासकी हवी असल्यासारखं बोलला.

"माझी मांडणी कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठली?"

"जी होती ती."

"ती काढून टाकली. दोन-दोन राहिल्या की गोंधळ होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक म्हणतात की रागात डोळ्यांपुढे काही दिसत नाही. मला सगळं लख्ख दिसत होतं. दादाच्या शर्टाचं वरचं बटण, समोरच्या टीमचे हसणारे चेहरे, माझ्या मांडीवरचे माझे दोन हात.

"तू मला विचारलं का नाहीस?"

"यात काय विचारायचं? उलटं दिसलं, सुलट केलं."

"ते उलटं नव्हतं. ते माझं होतं. मी डावखुरी आहे, दादा."

"होतीस," तो म्हणाला. अगदी सहज. वर माझ्या खांद्यावर थोपटलं. "अगं, जमेल. एक डाव खेळ, हात बसेल. लहानपणी नाही का जमलं? चार दिवस रडलीस, मग जमलंच की."

मी खरंच सांगते, तो कंट्रोलर मी त्याच्या टाळक्यात घालणार होते. वहिनीनं माझं मनगट धरलं म्हणून वाचला.

"जमलं नव्हतं," मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "तू शेजारी असेपर्यंत उजव्यानं लिहायचे. तू उठून गेलास की डाव्यानं. उजव्या हातानं माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं यायचं आणि बाई सगळ्या वर्गाला दाखवायच्या. तू म्हणे सरळ केलंस! दुकानात मी स्क्रू कुठल्या हातानं पिळते, कधी बघितलंस? जेवताना वाढते कुठल्या हातानं, ते तरी?"

दादानं वहिनीकडे पाहिलं.

"डाव्या," वहिनी म्हणाली. "घरात सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही सोडून."

ती उठून हॉलवाल्याकडे वेळ मागायला गेली. तो म्हणाला, ब्रेक म्हणजे ब्रेक. मी सेटिंग उघडून बसले. नेम डाव्या पॅडवर, चालणं उजव्या, एवढं पटकन झालं. पण बाकीचं? झटका किती, थांबणं किती, कल किती? अंगठ्याला ठाऊक होतं, पण अंगठ्याला आकडे येत नाहीत. एक आकडा घालायचा, फिरवून बघायचं, चुकला, पुन्हा. दादा मागे येऊन वाकला. "दे ना, मी करतो परत उलटं. पाच मिनिटांचं काम."

"कसं होतं ते माहीत आहे तुला?"

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला.

"मग हात लावू नकोस. आणि उलटं म्हणू नकोस."

दुसऱ्या डावात मी अर्धवट मांडणी घेऊनच बसले. जिथे नजर घसरत जायला हवी तिथे अडत होती, जिथे थांबायला हवी तिथून पुढे पळत होती. एकदाच, फक्त एकदाच, अंगठा बरोबर बसला आणि लांबच्या खिडकीतला गडी आडवा झाला. मागे कोणीतरी टाळी वाजवली. मग आम्ही हरलो. थोडक्यात वगैरे नाही, साफ हरलो. समोरची पोरं हात मिळवायला आली तेव्हा मी डावा हात पुढे केला. त्यांची क्षणभर चुळबुळ झाली.

घरी येताना दादा आमच्या दोघींच्या दोन पावलं मागे चालत होता. इमारतीच्या दारात पोचल्यावर म्हणाला, "एका गेमसाठी एवढा राग? मी तुझ्या भल्यासाठीच केलं ना."

"माहीत आहे," मी म्हणाले. "तेव्हाही भल्यासाठीच केलं होतंस."

मी वर गेले नाही. थेट त्यांच्या बैठकीत शिरले, त्याचा कॉम्प्युटर चालू केला, माझ्या खात्यात गेले आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला. "बस. खेळ."

"आता?"

"आता. सरावाचं मैदान आहे, कोणी मारणार नाही."

तो बसला. बघायला गेला तर चालत सुटला. चालायला गेला तर नजर जमिनीत रुतली. पहिल्यांदा हसला. मग एका भिंतीला तोंड लावून बराच वेळ तिथेच गोल गोल फिरत राहिला. दरवाजा त्याच्या अगदी शेजारी होता. त्याला तो सापडत नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मधेच त्याचा उजवा हात आपसूक टेबलावरच्या माउसकडे गेला. वहिनीनं माउस उचलला आणि कपाटावर ठेवून दिला.

"अगं, काहीच कळत नाहीये," दादा म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच येत होता. "हे जरा सरळ करून दे ना."

मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, जसा तो तेव्हा माझ्या शेजारी बसायचा.

"चार दिवस रड," मी म्हणाले. "मग जमेल."