जुन्या रॅडलीमागे नवी रॅडली

माधवराव वकिलांनी नवी फटफटी आणली त्या दिवसापासून लातूरच्या कोर्टात कायद्याची चर्चा बंद पडली. आधी फार चालायची असं नाही, पण निदान अधूनमधून एखादं कलम कुणाच्या तोंडी यायचं. आता सकाळपासून माधवराव बोलायचे आणि बाकीचे काळे कोट माना डोलवायचे.

विषय एकच, जुनी रॅडली आणि नवी रॅडली. जुनी अठ्ठावीस सालची, सनद मिळाली त्या वर्षी हैदराबादेहून आणलेली. नवी अडतीसची, ‘स्पोर्ट’ म्हणवणारी. कंपनी एक, टाकीवरचा बिल्ला एक, पण माधवरावांचं ऐकलं तर वाटावं की एक राणी आणि दुसरी तिची मोलकरीण. जुनीचे गियर टाकीशेजारच्या दांड्याने हाताने बदलायचे, नवीचे पायाने. जुनीला दर थोड्या मैलांवर हातपंपाने तेल पाजावं लागे, नवी आपली आपण पिते. जुनीचा दिवा कार्बाइडचा. त्यात पाणी घाला, काडी ओढा, मग देवाचं नाव घ्या. नवीचा दिवा बटणावर. शिवाय नवीच्या हँडलवर वेगाचं घड्याळ होतं आणि त्यात ऐंशीपर्यंत आकडे होते. माधवराव स्वतः पंचेचाळिसाच्या पुढे कधी गेले नव्हते, पण ऐंशीचा आकडा आपल्या मालकीचा आहे हे समाधान काय थोडं असतं?

दहा वर्षं जिने पाठीवर वाहिलं तिला नावं ठेवताना या गृहस्थाची जीभ एकदाही अडखळली नाही. ती जुनी त्यांनी निलंग्याच्या तहसीलदारसाहेबांना विकली होती. साहेबाला काही विकणं हे विक्री आणि सलाम यांच्या मधलं काहीतरी असतं, आणि माधवरावांना दोन्ही छान जमत.

घरात मात्र या व्याख्यानाला श्रोता मिळेना. प्रेमलाबाईंनी नव्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागे बसायचं कुठे, एवढंच विचारलं. जुनीला मागे रुंद कॅरियर होतं. त्यावर उशी टाकून त्या दोनदा तुळजापूरला जाऊन आल्या होत्या. स्पोर्ट गाडीला कॅरियर नसतं, ते शोभत नाही, असं माधवरावांनी समजावलं.

“म्हणजे एकट्यानंच पळून जायची गाडी,” प्रेमलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता तुळजाबाईंचा मुकदमा. निलंग्याजवळच्या एका खेड्यात या विधवेचं रान होतं आणि दिरासोबत सामाईक विहीर होती. आठ दिवसांतले चार दिवस पाणी तिचं, चार दिरांचं, अशी नवऱ्याच्या हयातीतली वहिवाट. नवरा गेला आणि दीर आप्पासाहेबांना आठही दिवस आपलेच वाटू लागले. तीन वर्षं निलंग्याच्या मुन्सफ कोर्टात हे चाललं होतं. अकरा पेश्या झाल्या होत्या आणि यंदाच्या हिवाळ्यात तिचा दोन एकर ऊस पाण्यावाचून पिवळा पडायला लागला होता. मुन्सफही नवे आले होते, कडक. पुकारा झाला आणि वकील हजर नसला की ‘अदम पैरवी’ असा शेरा मारून मुकदमा खारीज. मग विहीर दिराची, आणि ऊस चुलीला.

माधवरावांची अकरांपैकी एकही पेशी चुकली नव्हती, आणि याचं सगळं श्रेय जुन्या रॅडलीला होतं. ती कुठे बंद पडेल याचा नेम नसे. म्हणून माधवराव आदल्या दिवशी दुपारीच निघत, दोन ठिकाणी ढकलत, संध्याकाळी निलंग्याला पोचत, मारुतीच्या देवळात पथारी पसरत आणि सकाळी चपराशाच्या आधी कोर्टाच्या पायरीवर हजर असत. गाडीचा भरवसा नव्हता म्हणून वकिलाचा होता.

बाराव्या पेशीच्या आदल्या दिवशी माधवराव घरीच होते. गाडी पुसत होते. अकराला कोर्ट बसतं, निलंगा तीस मैल, नवीला एक तास पुष्कळ, हा हिशोब त्यांनी आळीतल्या प्रत्येकाला सांगितला. सकाळी प्रेमलाबाईंनी डबा पुढे केला, पण स्पोर्ट गाडीला डबा ठेवायलाही जागा नव्हती. साडेनऊला माधवराव डोळ्यांवर चष्मा चढवून निघाले. अर्धी आळी दाराशी आली होती. जी आली नव्हती, तिच्यासाठी त्यांनी आणखी एक चक्कर मारली.

औसा पंचवीस मिनिटांत आलं. तिथे चहाची तलफ आली असं ते पुढे सांगत. खरी तलफ चार माणसांनी गाडी बघावी याची होती. औशाच्या लोकांनी ती मन लावून बघितली, एकाने तर किल्ल्यावरची तोफ सोडून हिच्याकडे बघावं असं काहीतरी म्हटलं, आणि त्या आनंदात अर्धा तास गेला. तरी काय बिघडलं होतं? अठरा मैल राहिले होते. नवी होती.

औशाच्या पुढे दोन मैलांवर समोर धुळीचा लोट दिसला आणि लोटातून आवाज आला, टप्, टप्, टप्. हा आवाज माधवरावांनी दहा वर्षं ऐकला होता. जुनी रॅडली. तिच्यावर सरळ पाठीने बसलेली एक आकृती आणि डोक्यावर खाकी सोला हॅट. तालुक्यात अशी हॅट एकच होती, तहसीलदारसाहेबांची. माधवरावांचा पाय ब्रेकवर गेला आणि घड्याळाचा काटा चाळिसावरून दहावर आला.

हाकिमाच्या अगाडी आणि घोड्याच्या पिछाडी जाऊ नये, हे निजामाच्या मुलखात मूल चालायच्या आधी शिकतं. लातुरातच एका वकिलाचा टांगा तालुकदारसाहेबांच्या मोटारीपुढे गेला होता. कुणी काही बोललं नाही. फक्त त्याच्या बंदुकीच्या परवान्याची फाइल तपासणीला हैदराबादला गेली, तिला आता सहा वर्षं होत होती. माधवरावांकडे बंदूक नव्हती, पण सनद होती.

तेव्हा ऐंशी मैलांची गाडी दहा मैलांच्या गाडीमागे अदबीने चालू लागली. दोन्ही बाजूंना काळी रानं, मधे खडीची सडक, आणि जुनी उडवेल ती सगळी धूळ नवीच्या चकचकीत टाकीवर आणि माधवरावांच्या मिशांवर. दोघींमधला फरक त्यांनी आजवर कोर्टात उभं राहून सांगितला होता. आता तो मागून बघायला मिळत होता. जुनी एका लयीत, ना घाई ना दम, म्हशीसारखी चालली होती. नवीला हा वेग सोसेना. ती हिसके द्यायची, खोकायची, आणि तिचं इंजिन तव्यासारखं तापत चाललं होतं.

साहेबांनी धुळीत तोंड दिसेल न दिसेल एवढं मागे वळून उजवा हात हलवला. माधवरावांनी लगेच एक हात सोडून लवून सलाम केला. साहेब किती दिलदार, आपल्याला ओळखलं, म्हणून त्यांना भरून आलं. मैलभर गेल्यावर साहेबांनी पुन्हा हात हलवला. माधवरावांनी पुन्हा सलाम केला. तिसऱ्या वेळी हात जरा जोरात हलला, तेव्हा आपण फार जवळ आलो असं वाटून ते आणखी मागे राहिले.

औशापुढच्या निम्म्या वाटेत नवी तापून बंद पडली. ती निवेपर्यंत माधवराव बाभळीखाली बसून खिशातलं घड्याळ बघत राहिले. अकरा वाजून गेले होते. पुकारा झाला असेल, या विचाराने ते उठून इंजिनाला रुमालाने वारा घालू लागले, कारण माणूस गर्विष्ठ असला तरी वाईट नव्हता. तुळजाबाईंचा ऊस त्यांनी डोळ्यांनी बघितला होता. गाडी सुरू झाली तशी ते जीव घेऊन सुटले, चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, आणि चार मैलांवर पुन्हा तीच धूळ, तोच आवाज, तीच हॅट. पुन्हा दहा.

सव्वाबारा वाजता दोन्ही गाड्या निलंग्याच्या तहसील कचेरीत शिरल्या. माधवराव उतरले, कोटाची बटणं लावली, धुळीने भरलेलं तोंड रुमालाने आणखी सारवलं आणि झुकून पुढे झाले. साहेबांनी हॅट काढली. आत दगडोबा मिस्त्री निघाला, लातूरच्या गंज-बाजारातला, ज्याने दहा वर्षं हीच गाडी माधवरावांसाठी दुरुस्त केली होती.

साहेब गाडी दुरुस्तीला टाकून गेले होते आणि हॅट त्याच्या दुकानात विसरले होते. परत नेताना ती ठेवायची कुठे, म्हणून डोक्यावर. आणि कॅरियरवर पेंढ्यात बांधलेला बेगमसाहेबांचा चिनी मातीचा टी-सेट होता. एक कप फुटला तर तोंड दाखवू नकोस, असा हुकूम होता.

“म्या तीनदा हात केला, जा म्हणून,” दगडोबा म्हणाला. “तुम्ही दोनदा सलाम केला आन तिसऱ्यांदा मागंच सरला. मला वाटलं, वकीलसाब थट्टा करायलेत.”

 माधवराव शेजारच्या कोर्टाकडे धावले.

तुळजाबाई कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली भाकरीचं फडकं सोडत होत्या. पहाटे चालत निघून त्या पुकाऱ्याच्या आधी पोचल्या होत्या. घडलं ते त्यांनी कांदा फोडता फोडता सांगितलं. चपराशाने तीनदा पुकारा केला. वकील नाही म्हणून मुन्सफांनी शेऱ्यासाठी टाक उचलला. तेव्हा तुळजाबाई पुढे झाल्या आणि मी हाय की, म्हणाल्या. तीन वर्षांत त्यांना कुणी बोलू दिलं नव्हतं, सगळ्यांत जास्त त्यांच्याच वकिलाने. त्या एवढंच म्हणाल्या, की दिरांनी शपथेचा बेलभंडारा उचलावा आणि पाण्यात माझा वाटा नाही असं भवानीच्या नावानं सांगावं, मी विहीर सोडते. समोरचा वकील हरकतीचं कलम शोधू लागला. पण आप्पासाहेब तोवर आपल्या चपला बघायला लागले होते. चार दिवस तिचे, चार माझे, असं लिहिलेल्या कागदावर त्यांनी अंगठा दिला. पान खाऊन होईल इतक्यात मुकदमा संपला.

“मावशी,” माधवराव घसा साफ करून म्हणाले, “रस्त्यात जरा सरकारी अडचण आली.”

तुळजाबाईंनी त्यांच्या धुळीच्या मिशांकडे बघितलं, मग कचेरीच्या आवारातल्या, धुळीने माखलेल्या गाडीकडे.

“नवी घेतली म्हणं. लई बरं केलं वकीलसाब,” त्या म्हणाल्या. “जुनी असती तर तुम्ही येळेवर आला असता, आन मुकदमा आजून चालूच ऱ्हायला असता.”

त्यांनी अर्धी भाकरी पुढे केली. डबा घरी राहिला होता, म्हणून माधवरावांनी ती घेतली.