झाळलेली नळी

भूम गावी बाजाराचा दिवस. ईट गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला कोंडीरामचं गॅरेज आणि त्याला खेटून त्याच्या विधवा भावजयीची, विमलची, चहाची टपरी. बाबूरावांची जुनी जीप दारात येऊन थांबली आणि कोंडीरामच्या हातातला पाना हातातच राहिला.

हीच ती जीप. हिच्यावर त्याचा थोरला भाऊ ज्ञानोबा ड्रायव्हर होता. ईटच्या अलीकडच्या उतारावर ती खड्ड्यात गेली, ज्ञानोबा जागीच गेला आणि त्याची राख निवायच्या आत बाबूरावांनी गावभर केलं, "ड्रायव्हर पिऊन होता." सुपारीच्या खांडालाही न शिवणारा माणूस! जीप घाईघाईनं उचलून परगावी दुरुस्तीला नेली, ती इकडं कुणाला दाखवलीच नाही. तेव्हापासून लोक विमलचाच चहा पितात आणि पाठ वळली की तिला 'बेवड्याची बायको' म्हणतात. जायच्या आधी ज्ञानोबा भावाला म्हणाला होता, "ब्रेकची नळी गळायलीय. मालक नवी घेईना, डाग देऊन, झाळून चालव म्हणतोय." पण मेलेल्याचा शब्द कोण धरतो? कोंडीराम दातओठ खात गप्प बसला होता.

"कोंडिबा, खालून कायतरी गळायलंय बघ," बाबूराव म्हणाले. दुसरं गॅरेज उघडं असतं तर ते या दारात मेले तरी आले नसते.

कोंडीरामने जीपखाली पुठ्ठा सरकवला. मागच्या चाकाजवळ थेंब पडले. इंजिनाचं ऑईल काळं, दाट असतं. हे पातळ, पिवळसर. ब्रेक ऑईल. तो खाली शिरला, फडक्यानं पुसत ओलीचा माग काढत वर गेला आणि नळीवर बोट टेकलं. तिथं झाळ होती. जुन्या, तडकलेल्या झाळीवर दुसरी झाळ.

त्याचं डोकं सणकलं. भावाचा जीव घेतलेली नळीसुद्धा या हलकटाने बदलली नव्हती! चिंगूसपणालाही काही लाज असते.

वरून ऑईल भरायचं, "झालं मालक" म्हणायचं आणि उताराला लावून द्यायचं. इतकं सोपं होतं. विचार गोड लागला, खोटं कशाला बोला. पण मेलेला बाबूराव काय कामाचा? कोंडीरामला त्याचं तोंड उघडायला हवं होतं.

"मालक, गळती नेमकी कुठनं हाय ते बघतो. तुमीच बसा शिटावर. ब्रेक दाबा."

बाबूराव ज्ञानोबाच्या जागेवर बसले. टपरीवर बाजारकरूंची गर्दी होतीच.

"अजून जोरात!"

झाळ उलली. ऑईलची चिळकांडी कोंडीरामच्या गालावर आली आणि वरून बाबूराव किंचाळले, "आरं, पेडल पार खाली गेलं की!"

"मालक," कोंडीराम खालूनच ओरडला, "पिऊन बसलाव का?"

टपरीवरची माणसं वळून बघू लागली.

"म्या कशाला पिऊ? ब्रेकच लागंना..." बाबूरावांनी जीभ चावली.

कोंडीराम बाहेर आला. "माझ्या भावानंबी ह्याच शिटावर, ह्याच नळीच्या भरवशावर पाय दाबला हुता. झाळीवर झाळ हाय. पहिली कुणी मारायला लावली? वैनीला सांगा. हितंच. न्हाय तर चावी फिरवा, जावा तसंच ईटच्या उतारानं."

बाबूरावांनी चावीकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. "बाई, ज्ञानोबा प्याला न्हवता," ते पुटपुटले. "ब्रेक गेला हुता. मला ठावं हुतं."

"ऐकू आलं न्हाय," विमल म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

मग कोंडीरामने नवी नळी बसवली, नळीतली हवा काढताना बाबूरावांनाच पेडल दाबून धरायला लावलं. काम चोख केलं. ब्रेक दगडासारखा लागला.

जाताना बाबूरावांनी हात पुढं केला. "जुनी नळी दे." काढलेला माल मालकाच्या हाती द्यायचा, ही गॅरेजची रीत. कोंडीरामने ती कधी मोडली नव्हती. त्याने नळी पुसली आणि विमलच्या हातात ठेवली.

"हिची मालकीण ही हाय."

ती नळी आता टपरीच्या दर्शनी खिळ्याला टांगलेली असते. कुणी विचारतं, "वैनी, हे काय?" विमल स्टोव्ह बारीक करते आणि बाबूरावांच्या नावापासून सुरुवात करते.