चौथी खाच

मी पडलो तेव्हा गाडी ताशी वीसच्या वर नव्हती. खडीचा चढ होता, डावीकडे वळण. मागचं चाक एकदा उडालं, दुसऱ्यांदा उडालं, आणि तिसऱ्यांदा ते माझ्या पुढे जायला निघालं. मी एका बाजूला, गाडी दुसऱ्या बाजूला. फार लागलं नाही. कोपर खरचटलं आणि क्लचचा दांडा वाकला. पण परक्या देशात, घाटाच्या पायथ्याशी, एकसष्टाव्या वर्षी रस्त्यावर बसलेला असताना पहिला विचार आला तो मुलीचा. निघताना तिने बजावलं होतं, "बाबा, एकदा पडलात की परत. गाडी ट्रकवर आणि तुम्ही विमानात. कबूल?" मी कबूल म्हणालो होतो.

आणि घाट तर अजून चढायचाच होता.

हा घाट माझा नव्हे, आमच्या हिचा. हिचं सीट कव्हरचं दुकान होतं. दहा बाय आठची खोली, जाड सुईचं एक मशीन, भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या सीटा, पायात फोमचे तुकडे, आणि सगळीकडे रेक्झिनचा वास. तेवीस वर्षं तिने मोटरसायकलींच्या सीटा शिवल्या. सीट बघून ती माणूस सांगायची. एकदा एक गिऱ्हाईक सीट टाकून निघालं तर ही म्हणाली, "बायको मागे घाबरून बसते वाटतं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मागची शिवण उसवलीय. बोटं रुतवते बिचारी. नवी शिवून देते, पण तुम्हीही जरा हळू चालवा. शिवणीला औषध आहे, बायकोला नाही."

मशीनच्या समोर, मान वर केली की दिसेल असं, एका कॅलेंडरचं कापलेलं चित्र होतं. डोंगरातून वर जाणारा रस्ता, वर दगडी कठडा, त्यापुढे आभाळ. अकरा वर्षं ते तिथे होतं. हिचं म्हणणं एवढंच, "अहो, एकदा ह्या रस्त्यावर मला मागे बसून जायचंय. तुम्ही पुढे बघा, मी आजूबाजूला बघते."

मी कारखान्यात टर्नर होतो. सेवानिवृत्त झालो तेव्हा गाडी बघायला गेलो. लांबच्या प्रवासाच्या मोठ्या गाड्या आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. ही गाडी परवडली. दिसायला आमचं लग्न झालं त्या काळातली: गोल दिवा, तारांची चाकं, टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला रबर. आतून मात्र नवी, बटणावर सुरू होणारी. हिने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "तुमच्यासारखीच आहे. दिसते म्हातारी, पण चालेल."

तोपर्यंत हिच्या आजाराचं नाव आम्हाला कळलेलं होतं. मी म्हटलं, गाडी राहू दे. ही ऐकेना.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी शोरूमच्या फिटरने विचारलं, "एकटे चालवणार की दोघं?" मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "दोघं." मागच्या दोन स्प्रिंगांखाली एकेक कडं असतं, त्याला पाच खाचा. खाच जितकी वरची, तितकी स्प्रिंग कडक. एकट्याला दुसरी खाच, दोघांना चौथी. फिटरने दोन्हीकडे चौथी लावली आणि आम्ही घरी आलो. शोरूमपासून घर सात किलोमीटर. ही त्या गाडीवर बसली ती तेवढीच.

मग तिने गाडीची सीट काढून घेतली. "कंपनीची सीट म्हणजे शाळेचा बाक," म्हणाली. मला दुकानात स्टुलावर बसवलं, खडूने खुणा केल्या, मांडीची, कंबरेची मापं घेतली.

मी म्हटलं, "आणि तुझं माप?"

"माझं मला पाठ आहे."

हात थरथरायचे, तरी तिने कुणाला मशीनला हात लावू दिला नाही. महिनाभर लागला. तपकिरी रेक्झिन, सरळ शिवणी, कुठे उंचवटा नाही की पट्टा नाही. त्या गाडीला तशीच सीट शोभते. त्यानंतर दोन महिन्यांनी ही गेली.

आता एक गोष्ट लिहितो, जी मी कुणाला सांगितली नव्हती. ती सीट मला पहिल्या दिवसापासून टोचली. तासाभरात मांड्या बधिर व्हायच्या. तेवीस वर्षांत हिच्या हातची एकही सीट परत आली नव्हती. शेवटची बिघडली, ती माझ्या वाट्याला आली. आजारात हात चुकला असणार. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, एक नंबर सीट आहे. आणि मांड्या चोळायचो.

तशाच सीटवर मी चौदा दिवसांत तीन हजार किलोमीटर आलो होतो. गाडीने एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं. ताशी सत्तरने ती दिवसभर आपल्या नादात चालायची. एका पेट्रोल पंपावर माझ्या गाडीच्या चौपट किमतीच्या गाड्यांवरचे तिघं थांबले होते. ते आपल्या गाड्या सोडून माझ्या गाडीला प्रदक्षिणा घालायला लागले. एकाने विचारलं, "किती सालची?" मी म्हटलं, "गेल्या." त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिघांनी तिच्याबरोबर आळीपाळीने फोटो काढले. फोटो काढायला मोबाईल माझ्याच हातात दिला.

असो. वाकलेल्या क्लचने मी कसाबसा पाच किलोमीटर खाली आलो. गावाच्या तोंडाशीच एक गॅरेज होतं. आत गेलो आणि बरं वाटलं. भिंतीवर पाने लहानमोठे ओळीने लावलेले, आणि प्रत्येकाच्या मागे रंगाने त्याचा आकार काढलेला, म्हणजे एखादा हरवला तर भिंतच ओरडून सांगेल. जमिनीवर तेलाचा थेंब नाही. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला अशी जागा देवळासारखी वाटते.

मेकॅनिक माझ्याच वयाचा. त्याची बायको बाजूच्या काचेच्या केबिनमध्ये बसून वह्या आणि सुटे भाग सांभाळत होती. त्या दोघांचं इंग्रजी माझ्याइतकंच, नटबोल्टपुरतं, बाकीचं हातांनी. आपसातलं ते त्यांच्या भाषेत बोलायचे, पण नवराबायकोचं बोलणं कळायला भाषा लागत नाही. मी सगळं मराठीतच लिहितो, कारण माझ्या कानांना ते तसंच ऐकू आलं.

"माझा चष्मा कुठे ठेवलास?" मेकॅनिक ओरडला.

"तुझ्या कपाळावर. रोज तिथेच ठेवते," ती आतून म्हणाली.

क्लचचा दांडा त्याने वीस मिनिटांत बदलला. मग गाडी घेऊन आवारात एक फेरी मारून आला, उतरला आणि भुवया वर करून म्हणाला, "गाडी उत्तम. साधी आणि प्रामाणिक. पण मागून एवढी कडक का?" वाकून त्याने स्प्रिंगांकडे बघितलं. "चौथी! दुसरा माणूस कुठेय?"

मी मान हलवली.

"मागून येणार आहे?"

"नाही."

केबिनमधून त्याच्या बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं असावं. "पुरे झाल्या तुझ्या चौकशा," ती म्हणाली. तो भिंतीवरचा आकड्यासारख्या वाकड्या तोंडाचा पाना काढून कडं फिरवायला वाकला आणि मी त्याचा हात धरला.

"राहू दे."

"राहू दे? ह्या खाचेवर एकटा वर गेलास तर पुन्हा इथेच येशील. आणि स्वतःच्या पायांनी येणार नाहीस."

ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. केसाएवढा फरक पडला तरी नग बाजूला टाकणारा माणूस मी. ही गेल्यावर पहिल्यांदा गाडी काढली त्याच दिवशी मला कळलं होतं की स्प्रिंग उतरवायला हवी. हात धजला नाही. ती खाच तिने 'दोघं' म्हटल्यामुळे लागली होती. ती उतरवायची म्हणजे ते सात किलोमीटरही गेले.

मुलीला व्हिडिओ कॉल लावला. लपवून उपयोग नव्हता, तिच्या आईचे डोळे तिला आहेत.

"बाबा, कोपर दाखवा. पडलात ना?"

"पडलो नाही. जरा बसलो."

"गाडी चालू असताना रस्त्यावर बसायला गेलात? खरं सांगा, काय झालंय गाडीला?"

मग सांगितलं. खाच, शोरूम, सगळं.  ती नाक ओढत म्हणाली, "सात किलोमीटरसाठी तुम्ही तीन हजार किलोमीटर आपटत गेलात? आई असती ना बाबा, तिने तो पाना तुमच्याच डोक्यात घातला असता."

"घातला असता."

"उद्या सकाळपर्यंत ठरवा. एकतर खाच उतरवा, नाहीतर परत या. तिसरं मी काही ऐकणार नाही."

मी गाडीपाशी येऊन उभा राहिलो. परत जाणं सोपं होतं. घाट उद्याही राहील, असं स्वतःला सांगणंही सोपं होतं. मेकॅनिकची बायको कॉफी घेऊन आली. कप माझ्या हातात देऊन ती सीटच्या शिवणीवरून बोट फिरवायला लागली.

"कुणी शिवली?"

"माझ्या बायकोने. शेवटची."

"काय हात आहे!"

तिने एवढं कौतुक केलं आणि मला राहवलं नाही. परक्या माणसापाशी बोलायला सोपं जातं. म्हटलं, "आजारी होती तेव्हा. जरा चुकलीय. टोचते."

"चुकलीय?" तिने टाकीजवळ तळवा दाबला, मग हात मागे सरकवत सरकवत मधोमध आणला. "टोचणारच. तू बसतोस तिथे काही नाहीच. सगळा माल इथे आहे. दाबून बघ."

मी दाबलं. मधल्या जागी तळवा सावकाश आत गेला आणि सावकाश वर आला. भारीतला फोम, हिच्या दुकानात तो वरच्या फळीवर असायचा, खास गिऱ्हाइकासाठी.

"बस बघू वर," ती म्हणाली. मी बसलो. "असा टाकीला चिकटून कशाला? मागे सरक."

"मागे..." मी म्हणालो आणि थांबलो. तीस वर्षं, आधीच्या गाडीवरही, मी पुढे सरकूनच बसत आलो होतो. मागे तिला ऐसपैस जागा व्हावी म्हणून. अंगवळणीच पडलेलं होतं.

"सरक," ती म्हणाली.

मी दीड वीत मागे सरकलो. कंबर जिथे टेकायची तिथे टेकली. गुडघे टाकीच्या रबरावर आले. आजवर ते रबराच्या पुढे असायचे आणि मला वाटायचं, कंपनीनेच ते चुकीच्या जागी लावलंय. खांदे खाली आले. स्टुलावर बसवून तिने घेतलेलं माप ते हेच.

मग मी उतरलो आणि सीटच्या मागच्या भागावर हात दाबला. फोमच नव्हता. लाकडाच्या पट्टीवर नुसतं रेक्झिन ताणून बसवलं होतं. त्याच्यावर कुणी पाव तास बसू शकलं नसतं. जिने तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या बायकांची मागची जागा मऊ केली, तिने स्वतःच्या जागेवर बोटभरही फोम घातला नव्हता. माझं माप मला पाठ आहे, म्हणाली होती. तिने सीट एकट्यासाठी शिवली होती, लांबच्या रस्त्यासाठी. हात चुकलाच नव्हता. मीच वर्षभर चुकीच्या जागी बसून तिची चूक पदरात घेत होतो.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मेकॅनिक घाबरला. "काय झालं? दुखतंय का?"

"त्याला काही झालेलं नाही," त्याची बायको म्हणाली. "पाना दे त्याच्या हातात."

कडं धुळीने घट्ट बसलं होतं. मी तेल सोडलं आणि स्वतःच्या हाताने फिरवलं. चौथीवरून तिसरी, तिसरीवरून दुसरी. मग पलीकडच्या बाजूला जाऊन तसंच. प्रत्येक खाचेला खट्‌ असा आवाज येतो. चार आवाज झाले. मेकॅनिकने मागून गाडी दोनदा दाबून बघितली आणि अंगठा वर केला. बायको त्याला म्हणाली, "बघ, काही माणसं आपल्या बायकोचं काम समजून घेतात. वेळ लागतो, पण घेतात."

"मी काय केलं आता?" तो म्हणाला.

सकाळी मी घाट चढलो. काल जिथे पडलो होतो तिथे मुद्दाम त्याच बाजूने गेलो. मागचं चाक खडीवरून असं गेलं, जणू तिथे कधी काही झालंच नव्हतं. दर वळणाला मी सवयीने पुढे सरकत होतो आणि पुन्हा मागे येत होतो. मधल्या टप्प्यावर सरकायचं थांबलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये एका सुरात चढत राहिली. मी रस्ता बघत होतो, पण मग आठवलं की आजूबाजूला बघायचं काम हिचं होतं, म्हणून जिथे रुंद जागा मिळेल तिथे थांबून तेही केलं.

वर दगडी कठडा चित्रातल्यासारखाच आहे. चित्रात शेजारचं कचऱ्याचं पिंप नव्हतं, एवढाच फरक. हिला ते पिंपसुद्धा आवडलं असतं. म्हणाली असती, इथे माणसं येतात म्हणायची.

गाडी उभी केली आणि सीटकडे बघितलं. एकाच ठिकाणी दबलेली होती, बरोबर मधोमध. मग मुलीला फोन केला.

"पोचलो."

"पडलात?"

"नाही," मी म्हटलं. "आज नीट बसलो."