कर्टिसचं बाकडं

कर्टिसच्या नावाचं बाकडं बसवून झालंय, येऊन बघा, असा बागेच्या मंडळातल्या बाईंचा फोन आला आणि व्हर्ना नवऱ्याबरोबर, ऑर्विलबरोबर, निघाली. जायची इच्छा नव्हती. न जायचीही नव्हती. कर्टिस, तिचा एकुलता एक मुलगा, वसंतात गेला, तेव्हापासून तिचं असंच चाललं होतं. कुणी ताट पुढं केलं की जेवायचं, कुणी ऊठ म्हटलं की उठायचं.

ऑक्टोबर सरत आलेला. बागेत चिटपाखरू नव्हतं. मेपलची पानं वाटेवर घोट्याएवढी साचली होती, आणि लोकांना बघायला म्हणून बागेत जपून ठेवलेल्या, पहिल्या वसाहतवाल्यांच्या लाकडी घरांना हिवाळ्यासाठी कुलपं लागली होती. ऑर्विल प्रत्येक घरापाशी थांबे, जसं काही आत ओळखीचं कुणी राहतंय. चल बाबा, उरक एकदाचं, असं तिला वाटत होतं.

आता हे बाकडं आलं कुठून, तर ऑर्विलच्या घाईतून. पेपरात मृत्यूची बातमी द्यायची म्हणजे खाली 'फुलं नकोत, त्याऐवजी अमक्या संस्थेला देणगी द्या' असं घालायची पद्धत. कुठली संस्था, असं अंत्यविधीवाल्या माणसानं विचारलं. व्हर्नाच्या तोंडून शब्द फुटेना, तर ऑर्विलनं या बागेचं नाव ठोकून दिलं. झालं! नातेवाईक, शेजारी, कर्टिसच्या कारखान्यातले सोबती, सगळ्यांनी इमानेइतबारे इकडंच पैसे पाठवले, आणि त्यातून मंडळानं हे बाकडं केलं.

आणि कर्टिसला तर ही बाग मुळीच आवडत नसे. बापाचं हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं चालायला सांगितलं, म्हणून तो त्याला दर रविवारी इथं आणायचा. मग घरी येऊन आईपाशी कुरकुरायचा, की पुन्हा तीच पडकी घरं आणि पुन्हा तीच गिरणी.

बाकडं जुन्या पिठाच्या गिरणीमागं होतं. पितळी पट्टीवर लिहिलं होतं: 'कर्टिस हॉलम. ही बाग त्याला जीव की प्राण होती.'

व्हर्नाला राग आला. इतके महिने तिला वाटत होतं, कुठंतरी एक जागा असेल, तिथं गेलं की आपलं पोर आपल्याला सापडेल. इथं तर भलत्याच कुणाचं पोर बसवून ठेवलेलं.

ऑर्विल बाकड्यावर टेकला आणि पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "छान लिहिलंय, नाही?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. म्हाताऱ्याचं काळीज आधीच टाके घातलेलं. पण खोटं बोलायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"त्याला नव्हती रे आवडत ही बाग," ती म्हणाली. "तुझ्यासाठी यायचा तो."

ऑर्विलचा अंगठा पट्टीवरच थांबला.

"ठाऊक आहे मला," मग तो म्हणाला. "गिरणीपाशी आलो की गाडीच्या किल्ल्या खुळखुळवायला लागायचा. आणि मी मुद्दाम म्हणायचो, अजून एक फेरी मारू. डॉक्टरनं एकच सांगितली होती, व्हर्ना."

व्हर्ना त्याच्या शेजारी बसली, आणि वसंतापासून अडलेलं रडू तिला तिथंच आलं.