नऊ दिवस अडलेलं गाणं

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. तुम्ही मला हार्मोनियम म्हणत असाल, पण कीर्तनकाराच्या घरात मी पेटीच. माझं पॉलिश उडालंय, दोन पट्ट्या पिवळ्या पडल्यात, भात्याला ठिगळ आहे. त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती एका गाण्याची. ते गाणं मी नऊ दिवस अडवून ठेवलं होतं.

नागपुरात इतवारीच्या एका बोळात कृष्णकांत मिस्त्रींनी मला सागवानातून घडवलं. एकेक सूर कानाशी धरून, कानशीनं घासून बसवला. मग मला देवाजींनी नेलं. देवाजी ख्रिस्ती कीर्तनकार. उभं राहून, हातात चिपळ्या घेऊन ते प्रभूच्या गोष्टी गाऊन सांगायचे आणि ऐकणारी मंडळी कधी हसायची, कधी डोळे पुसायची. पेटीला मात्र त्यांचा एक कडक नियम होता. ते सुनेला, वंदनाताईला, शिकवताना म्हणायचे, "मी श्वास घेतला का तू वाजव वं. जागा रिकामी ठेवायची नाही. रिकामी जागा दिसली का माणसं खोकलतात."

वंदनाताई ते पक्कं शिकली, आणि मीही. देवाजी गेल्यावर त्यांचा मुलगा सुशीलभाऊ कीर्तन करू लागला. नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या भाड्याच्या खोलीतून आम्ही गावोगाव जायचो. "पेटी बोलते हो तुमची," असं लोक म्हणत. ते ऐकून मी आतून फुगायचे. भाता होताच फुगायला.

मग आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका चर्चकडून बोलावणं आलं. तळ्याकाठच्या एका गावात तीन महिने सेवा करायची, तिथल्या मंडळीला आपलं गायन शिकवायचं. निघताना शेजारचे रुपरावभाऊ म्हणाले, "तिकडं आपल्या रश्श्यावरची झणझणीत तर्री नाही भेटत. मंग पेटीच खाता का काय गा?" सगळे हसले. मी मनात म्हटलं, हसा. सूर द्यायला मीच तर चाललेय.

पहिल्याच रविवारी त्या मंडळीनं गायला तोंड उघडलं आणि माझ्या पट्ट्या गार पडल्या. वाद्य एकही नाही. एक बाई पहिली ओळ टाकायची, आणि बाकीचे जाड, बारीक, मधले असे सगळे सूर एकदम उचलायचे. छपराचे पत्रे थरथरत होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी ठरवलं, यांना पेटी ठाऊक नाही, म्हणून बिचारे असेच भागवतात.

दुसऱ्या आठवड्यात, ती पहिली ओळ टाकणारी बाई तापानं वारली. दफन झाल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. घरात तिची म्हातारी आई होती. तिथं आजीला आगोगो म्हणतात, म्हणून सारं गाव तिला आगोगोच म्हणे. अंगणात बाया चटईवर बसल्या होत्या. दुभाषी लिंबानी गुरुजी सुशीलभाऊच्या कानात म्हणाले, "आता आई गाणार. मुलीला निरोप द्यायचं गाणं हे. ते पूर्ण होईपर्यंत या घरात दुसरं गाणं होत नाही."

वंदनाताईनं मला मांडीसमोर घेतलं. आगोगोनं ओळ सुरू केली. आवाज झिजलेला, पण सूर इतका खरा की माझ्या लाकडाला तो जाणवला. ओळीच्या मध्यावर मुलीचं नाव यायचं होतं. तिथं ती थांबली. कुणी हललं नाही. सगळ्या बाया वाट पाहत होत्या.

आणि ती रिकामी जागा मी भरली.

वंदनाताईची बोटं सवयीनं धावली, भाता फुगला, आणि मी छान लांबलचक तान घेतली. कीर्तनात असते तर वाहवा मिळाली असती. आगोगोनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. आपल्याच घरात कुणी परकं शिरावं तसं. मग अंगावरचं कापड तोंडावर ओढून ती आत गेली. बायांनी चटया गुंडाळल्या.

वाटेत सुशीलभाऊ म्हणाला, "तू काहून वाजवलं वं?"

"तुमच्या बाबांनीच शिकवलं," वंदनाताई म्हणाली, आणि रडू लागली. "मले वाटलं, ती अडली. हात द्यावा."

"तिले हात नव्हता पायजे. तिले जागा पायजे होती." मग थोडं चालून तो म्हणाला, "मी बी तर आशेनं पाहत होतो तुझ्याकडं. वाजव म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून दोघं आगोगोच्या अंगणात जाऊन बसू लागले. मक्याचे दाणे काढायचे, पाणी भरायचं. उपदेश नाही, प्रार्थनाही मनातल्या मनात. चौथ्या दिवशी आगोगो बाहेर येऊन बसली. सहाव्या दिवशी सुशीलभाऊचे मक्याचे दाणे पाहून ती काहीतरी बोलली. लिंबानी गुरुजी हसू दाबत म्हणाले, "म्हणते, हा माणूस देवाचं काम करत असेल, मक्याचं त्याला जमत नाही."

नवव्या दिवशी तिनं निरोप पाठवला, पेटीही आणा.

वंदनाताईनं मला नेलं, पण माझं झाकण उघडलं नाही. त्यावर दोन्ही हात ठेवून बसली. आगोगोनं ओळ सुरू केली आणि नेमकी त्याच जागी थांबली. मित्रांनो, ती शांतता किती लांब होती म्हणून सांगू. एक कोंबडी पिलं घेऊन सगळं अंगण ओलांडून गेली. माझे सूर आत शिवशिवत होते, आणि मला माझीच शरम वाटत होती. आयुष्यभर मी ज्याला रिकामी जागा समजले, तिथं प्रभू बसलेला असायचा का? मी कितीदा त्याच्या अंगावर वाजले असेन?

मग आगोगोनं मुलीचं नाव घेतलं. ओळ पुरी केली. साऱ्या बायांनी ती उचलली, आणि निरोपाचं गाणं शेवटापर्यंत गेलं.

संपल्यावर तिनं माझ्या झाकणावर बोटानं टकटक केली. "आता हिला बोलू द्या," म्हणाली. वंदनाताईनं एकच सूर धरला, हलकासा. तान घेण्याची माझी हिंमतच नव्हती.

नागपुरात परतल्यावर सदर भागातल्या आमच्या चर्चमध्ये आमचा सत्कार होता. मंडळीचे वडीलधारे नानाजी कौतुकानं म्हणाले, "सांगा सुशीलभाऊ, काय शिकवून आले तिकडं?" सुशीलभाऊ हार हातातच धरून उभा राहिला. मग त्यानं सगळं कीर्तनातच गाऊन सांगितलं, माझी ती तानसुद्धा. शेवटी स्वतः रचलेलं अभंगाचं कडवं म्हटलं:

आई जिथे रडे । तिथे थांब वाणी ।
बसावे अंगणी । प्रभूसंगे ॥

कुणी खोकललं नाही.

आता चर्चमध्ये नवा कीबोर्ड आलाय. मी बहुतेक कपाटावरच असते, झुरळं माझ्या भात्याचं चामडं कुरतडतात. पण वस्तीत कुणाचं माणूस गेलं की वंदनाताई मला फडक्यानं पुसते आणि सोबत नेते. परवा रुपरावभाऊंच्या दारी बसलो होतो. त्यांची बायको, सिंधूताई, गेली. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पेटी उघडत नाही, तं आणता काहून?"

"हिले बी बसणं शिकवून राहिली," वंदनाताई म्हणाली.

रुपरावभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी सिंधूताईचं नाव घेतलं आणि आपणहून बोलू लागले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी जुनी पेटी असेल तर तिला ओल लागू देऊ नका, अधूनमधून उघडून भात्यात हवा भरा. वाजवायलाही शिका, मन लावून. पण कुणी दुःखात बोलता बोलता थांबलं, तर आधी झाकणावर हात ठेवा. मला हे कळायला एवढा मोठा समुद्र ओलांडावा लागला, आणि एका आईचे नऊ दिवस त्यात गेले. ते मला परत देता येत नाहीत.