ठिपका आमच्यावर आला

ट्रक हाती येऊन चौतीस दिवस झाले, तेवढेच दिवस घरचं तोंड पाह्यलं नाई. ज्यायनं मले ट्रक शिकवला ते बंडूजी निघताना म्हणाले, "भूपेंद्र, फोनचं ऐकजो, पण फाटा आला का थांबून माणसाले विचारजो."

मी कायले विचारतो!

आज वाट घरावरूनच जात होती. बायको जया डबा घेऊन रोहण्याच्या जुन्या रस्त्यावर, समृद्धी महामार्गाच्या पुलाखाली सावलीत उभी होती. संग पोरगी गोपिका. माह्या ट्रकचा ठिपका जयाच्या फोनवर सरकताना दोघी पाहून राह्यल्या होत्या.

फाट्यावर फोनातल्या नकाशानं सांगितलं, इकडून गेलं तं चाळीस मिनिटं वाचतील. म्हटलं, तेवढाच वेळ पोरीपाशी बसीन. वळलो. वर चढल्यावर समजलं, मी समृद्धीवरच आलो. दोन्हीकडं कुंपण, थांबाले जागा नाई. उताराचा रस्ता गावाच्या कितीतरी पुढं, अन् माल तीनच्या आत पोचवायचा. शिव्या तरी कोणाले देऊ?

पूल आला. खाली माही माणसं, मधात सिमेंटची भिंत. मागून हॉर्न सुरू. तेवढ्यात गोपिकाचा फोन आला.

"बाबा, तुमचा ठिपका तं आमच्यावरच आला. मंग तुम्ही काऊन नाई दिसून राह्यले?"

मी तोंड उघडायच्या आधी नकाशातली बाई गोड आवाजात बोलली, "सरळ जात राहा."