होती तशी

गाडीवर नेमका किती खर्च झाला हे कोणालाच सांगायचं नाही, असं चिमीने ठरवलं होतं. पण धाकट्या भावापासून तिचं कधी काही लपलंय? त्याने फोनवर इकडच्या तिकडच्या गप्पा मारत आकडा काढून घेतलाच.

"ताई, एवढ्यात दोन नव्या कोऱ्या गाड्या आल्या असत्या. एसीवाल्या."

"मला नवी गाडी नकोय."

"अगं, पण हिचा उपयोग काय? बाबांना दिसत नाही आणि तुला धड रिव्हर्स घेता येत नाही."

रिव्हर्सचं खरं होतं, म्हणून चिमीला जास्त राग आला. दात बनवायची स्वतःची लॅब टाकायची म्हणून तिने वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते, ते सगळे या गाडीत गेले. पन्नाशीकडे झुकलेली बाई एका जुनाट जीपसाठी हात रिकामे करून बसते, याला भाऊ वेडेपणा म्हणाला. म्हणू दे. त्याला बाबांच्या पायाची जखम कुठे दिसली होती?

बाबा जनावरांचे डॉक्टर होते. डोंगरातल्या वस्त्यांवर जिथे रस्ता नावाची गोष्ट अर्ध्यातच संपायची, तिथे ते त्या जीपने जायचे. कुणाची गाय अडलेली असायची, कुणाचं घोडं लंगडत असायचं. शेजारच्या सीटवर मांडीवर औषधांची पेटी घेऊन आई बसलेली असायची. वासराचे पाय धरायचे, कंदील धरायचा, सुई उकळून द्यायची, ही सगळी कामं तिची. पगार मात्र एकट्या बाबांना होता. रविवारी बाबा जीप धुवायला बसले की ती दारातून ओरडायची, "सवतीची आंघोळ झाली असेल तर आता आपली उरका!" जीपला घरात सवत हेच नाव पडलं होतं.

सवतीच्या खोडी पुष्कळ. शेजारच्या सीटचं दार बिजागरीतून खाली आलेलं होतं, ते उचलून लावावं लागे. घरातली दोन्ही मुलं चालायला लागली तशी दार उचलून लावायलाही शिकली. त्या सीटसमोर धरायला एक लोखंडी दांडा होता. आईला उताराची भयंकर भीती. उतार लागला की ती दोन्ही हातांनी तो दांडा आवळून बसायची, जणू गाडी तिच्याच जोरावर थांबलेली आहे. थंडीत लोखंड हाताला चावायचं, म्हणून तिने बाबांचा एक शर्ट फाडून त्याच्या पट्ट्या दांड्याला करकचून गुंडाळल्या.

"अगं, चांगला शर्ट होता तो," बाबा म्हणाले होते.

"चांगला होता म्हणूनच फाडला. विटका फाडला असता तर टिकला असता का?"

बाबांना बोलायचे दोन आवाज होते. एक रोजचा. दुसरा, ज्या जनावराचं आता काही खरं नाही त्याच्या मालकाशी बोलायचा. त्या आवाजात ते हलकेच म्हणायचे, "छान आहे हो, बरं वाटेल तिला." मालकाला धीर यायचा. आई मात्र तो आवाज ऐकला की गुपचूप पेटी आवरायला घ्यायची. हे चिमीने लहानपणी मागच्या फळीवर बसून कितीतरी वेळा पाहिलं होतं.

पुढे आई गेली. मग काचबिंदूने बाबांचे डोळे गेले. जीप परसातल्या शेडमध्ये गंजत उभी राहिली. रोज संध्याकाळी बाबा भिंतीला हात लावत शेडमध्ये जायचे आणि जीपमध्ये जाऊन बसायचे. चिमीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची पाठ तेवढी दिसायची, स्टिअरिंगपाशी जराशी एका बाजूला कललेली. बिचाऱ्यांना गाडी चालवायची हौस अजून आहे, असं तिला वाटायचं आणि ती भाजी ढवळायला वळायची.

एका संध्याकाळी जीपच्या तळाचा सडलेला पत्रा फुटला आणि बाबांचा पाय आरपार गेला. पोटरी फाटली, टाके पडले. टाके घालून घरी आणताना चिमी म्हणाली, "बाबा, आता तिला भंगारात घालू या." ज्या माणसाने जन्मात लेकीकडे कधी काही मागितलं नव्हतं, तो माणूस मग म्हणाला, "दुरुस्त होते का बघतेस? फार काही नको गं. होती तशी कर."

असं काम करणारा एक वर्कशॉपवाला तिने शोधून काढला. त्याच्याकडे नंबर लावावा लागे. आत गेल्यावर चिमीला वाटलं, आपण चुकून दवाखान्यात आलो. फरशी लखलखीत, भिंतीवर पाने आणि हातोड्या मापाप्रमाणे टांगलेल्या, एकेका गाडीचे स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत. तयार झालेल्या जीप ओळीने उभ्या होत्या. जन्मभर चिखलात लोळायला बनवलेल्या त्या गाड्या, आणि टायरच्या खाचेत धुळीचा कण नाही! त्यांचे मालक म्हणे आभाळ पाहून त्यांना बाहेर काढतात.

"एवढी किंमत का, ते विचारून टाका. सगळेच विचारतात," वर्कशॉपवाला म्हणाला. माणूस सरळ होता. "नवी गाडी काय, कंपनी उद्या हजारांनी काढेल. ही पुन्हा कोणी काढणार नाही. एक दरवाजा सरळ करायला माझा माणूस आठवडाभर बसतो. सुटा भाग मिळाला नाही तर आम्ही तो घडवतो. पैसे पत्र्याचे नाहीत, हाताचे आहेत."

हे चिमीला पटलं. ती स्वतः दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून माप यायचं आणि ती मेणात, चिनी मातीत माणसाचा गेलेला दात पुन्हा उभा करायची. हाताचे पैसे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग त्याने विचारलं, "तर कशी करायची?"

"होती तशी."

"म्हणजे कधी होती तशी?"

प्रश्न चोख होता. त्या माणसाला बोल लावायला जागाच नाही. त्यावर घरी जाऊन बाबांना विचारते, एवढंच चिमीने म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ती चकाकती रांग होती. ती म्हणाली, "कंपनीतून निघाली तशी."

आणि हे कोण बोललं? जिचं सगळं पोट उलट्या कामावर चाललेलं होतं, ती बोलली. शेजारचे दात पिवळे असतील तर चिमी नवा दातही तेवढाच पिवळा करायची. चहाचा डाग, बारीकशी चीर, झिजलेली कड, सगळं रंगाच्या काडीने त्यात उतरवायची. पांढराशुभ्र दात तोंडात परका दिसतो, असं शिकाऊ मुलींना दहादा बजावायची. दुसऱ्याच्या तोंडात तिला जे दिसायचं, ते स्वतःच्या बापाच्या बाबतीत दिसलं नाही.

रंगासाठी तर तिने वर्कशॉपवाल्याला भंडावून सोडलं. हिरव्यातला नेमका कुठला हिरवा, यावर कितीतरी आठवडे गेले. तिने नमुने मागवले, परत पाठवले, उन्हात धरले, सावलीत धरले. हा रंग बघणार कोण, हे एकदाही तिच्या मनात आलं नाही.

गाडी आली त्या सकाळी गल्ली लोटली. कोणी फोटो काढले, कोणी बाबांची पाठ थोपटून "डॉक्टर, नशीब काढलंत," असं म्हणालं. चिमीने बाबांचा हात धरून त्यांना गाडीजवळ नेलं. त्यांनी बॉनेटवरून तळवा फिरवला, मग दिव्यावरून, मग दारावरून. जनावर तपासताना फिरवायचे तसाच.

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले.

"बसा ना. चक्कर मारू. मीच चालवते, पुढच्या पुढे."

ते शेजारच्या सीटवर बसले. आईच्या सीटवर. बसता बसता ते सवयीने दार उचलायला गेले, आणि उचलण्याआधीच ते अलगद, मऊ आवाज करत लागून गेलं. बाबांचा हात तसाच क्षणभर हवेत राहिला. गाडी निघाली. त्यांनी पुढे वाकून दांडा चाचपला. हात एकदा या टोकापासून त्या टोकाला गेला, परत आला, पुन्हा गेला. मग त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

"कशी झालीय?" चिमीने विचारलं. तिचा आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

"छान झालीय," बाबा हलकेच म्हणाले.

तो आवाज तिने ओळखला नाही. इंजिन नवं होतं, घंटेसारखं वाजत होतं, आणि तिचं सगळं लक्ष त्यातच होतं.

त्या संध्याकाळी बाबा शेडमध्ये गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पाय दुखत असेल, असं तिला वाटलं. पाय तर केव्हाच भरून आला होता. आठवडा गेल्यावर तिला राहवेना. ती त्यांच्या खाटेशी जाऊन बसली.

"बाबा, गाडीत बसत का नाही आता?"

"बसेन की."

"माझी शपथ आहे. खरं सांगा."

बाबांनी तिचा हात हातात घेतला. "तू एवढं केलंस, चिमे. मला बोलवत नाही गं." थोड्या वेळाने म्हणाले, "मी स्टिअरिंग धरायला जात नव्हतो तिथे. वाकून तिच्या दांड्यावर हात ठेवायचो. तिच्या बोटांच्या खाचा पडल्या होत्या त्या चिंध्यांत. माझी बोटं बरोबर बसायची त्यात. मला आता तिचा चेहरा नीट आठवत नाही. डोळे गेले तसा हळूहळू तोही पुसट होत गेला. पण तिथे हात ठेवला की ती बसलेली असायची." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "सवत छान नटवून आणलीस. बायको तेवढी तिकडेच राहिली."

चिमी उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. पैशांसाठी ती रडली नाही, एवढं तिच्या भावालाही कोणीतरी सांगायला हवं होतं.

सकाळी ती कामावर न जाता वर्कशॉपमध्ये गेली. वर्कशॉपवाल्याला आठवायला जरा वेळ लागला. "दांडा? तो जुनाच आहे ना. वाळूचा मारा करून साफ केला, नवा मुलामा दिला. त्यावर चिंध्या होत्या काहीतरी, काळ्या पडलेल्या. त्या पहिल्याच दिवशी कापून टाकल्या." तिचा चेहरा बघून तो खाली बसला. "बाई, तुम्ही एक शब्द बोलला असता, तर मी त्यांना हातही लावू दिला नसता."

"माहीत आहे," चिमी म्हणाली.

ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत आला आणि चाचरत म्हणाला, की त्या जीपवर एका गिऱ्हाइकाची नजर आहे, तुमच्या खर्चापेक्षा वर द्यायला तयार आहे. भावाचा प्रश्न म्हणजे परस्पर सुटला. गाडी तेवढ्या किमतीची होती, आणि विकत घेणाऱ्याला ती जास्तच किमतीची होती. चिमीने नकारार्थी मान हलवली आणि ती घरी आली.

कपाट उघडून तिने बाबांचा निळा शर्ट काढला. विटका नाही, चांगला. पट्ट्या फाडल्या आणि शेडमध्ये जाऊन दांड्याला गुंडाळायला बसली. बोटं कुशल होती, दुपारपर्यंत काम झालं. दात बनवताना करते तसं तिने वरून चहात भिजवलेलं फडकं फिरवलं, पट्ट्या हाताने मळवल्या, खाचांसाठी बोटं रुतवली. मग बाबांना हाताला धरून घेऊन आली. ते पुन्हा स्टिअरिंगपाशी बसले, वाकले आणि त्यांनी पट्ट्यांवर हात ठेवला.

"निळा कापलास की काय?"

"हो. चांगला होता म्हणूनच."

बाबा हसले. खरंखुरं हसले. मग त्यांची बोटं पट्टीच्या कडेकडेने, वेढ्यांच्या दिशेने फिरली आणि थांबली.

"उजव्या हाताने बांधलंस तू."

"हो. का?"

"ती डावरी होती गं."

आईच्या हातचं खाऊन वाढलेली मुलगी, तिला हे आठवू नये? आईचा डावा हात, डाव्या हातातली कात्री, डाव्या हाताने घातलेली वेणी, सगळं एकदम समोर आलं. ती पट्ट्या सोडायला लागली. "राहू दे," बाबा म्हणाले, पण ती ऐकेना. तिने डाव्या हाताने पहिला वेढा घातला. हात वळेना. पट्टी सैल पडत होती, घसरत होती, गाठ तर बसतच नव्हती. ती पुन्हा पुन्हा बांधत राहिली आणि बाबा मान तिच्या दिशेने वळवून शांतपणे वाट पाहत राहिले.

शेवटी कसंबसं झालं. ओबडधोबड, इकडे फुगलेलं, तिकडे लोंबणारं. "बघा आता," ती म्हणाली.

बाबांनी पट्ट्यांवरून सावकाश हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"छान झालंय," ते हलकेच म्हणाले.

या वेळी तिने तो आवाज ओळखला. ती खाली वाकली आणि उरलेल्या चिंध्या आवरायला लागली.